तळहात समोर, तळहात खाली

आमच्या भगूरच्या घरात शोकेसच्या काचा वाजायला लागल्या की आई म्हणायची, आज मोठ्या तोफा आहेत. बारक्या तोफांना काचा वाजत नसत, नुसता दूर कुठेतरी पिंप पडल्यासारखा आवाज यायचा, पण मोठ्या असल्या की आधी पायाखाली काहीतरी हललंय असं वाटायचं आणि मग काच, मग आवाज. देवळालीच्या फायरिंग रेंजशेजारी वाढलेल्या कुणालाही विचारा, हे सगळ्यांना पाठ असतं. बाबा कॅम्पात सिव्हिलियन स्टोअरकीपर होते, सायकलवरून लॅम रोडने जायचे यायचे, आणि आमच्या घरी आर्मी म्हणजे तोफखाना, दुसरं काही नाहीच. त्यामुळे २००६ मध्ये दादा बारावीनंतर नेव्हीत सेलर म्हणून लागला आणि ट्रेनिंगला ओडिशात आयएनएस चिल्काला निघाला तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं, अरे तोफखान्याच्या दारात राहून पोरगं समुद्रावर कसं काय गेलं. बाबांनी काही म्हटलं नाही. स्टेशनवर त्याच्या ट्रंकेला स्वतःच्या हाताने दोरी बांधली, दोनदा सोडून पुन्हा बांधली.

हे आत्ता लिहायला बसले त्याचं कारण एक बातमी आहे, आणि ती आता बरीच जुनी झाली. डिसेंबर २०२१. दादा त्याच वर्षी जुलैमध्ये १५ वर्षं पूर्ण करून नेव्हीतून बाहेर पडला होता, वय ३३, आणि घरी बसून बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. एका रात्री त्याने घरच्या ग्रुपवर एक लिंक टाकली आणि खाली फक्त दोन शब्द, "हे वाच". सगळ्यांसाठी टाकलं होतं पण मला माहीत होतं ते माझ्यासाठी आहे. बातमी होती कर्नल पृथीपाल सिंग गिल गेल्याची. ५ डिसेंबरला चंदीगडला गेले. ११ डिसेंबर १९२० चा जन्म, म्हणजे शंभरी पूर्ण होऊन एकशे एकाव्या वाढदिवसाला सहा दिवस कमी.

ज्यांना हे नाव माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गिल साहेब आधी एअरफोर्समध्ये होते, मग नेव्हीत, मग आर्मीत. तिन्ही दलांत अधिकारी म्हणून काम केलेले एकमेव भारतीय अशीच त्यांची ओळख होती. १९४२ मध्ये, म्हणजे दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, ते इंडियन एअरफोर्समध्ये वैमानिक म्हणून दाखल झाले, कराचीला. घरच्यांना विमानाची धास्ती. पोरगं कुठल्यातरी अपघातात जाईल ही भीती वडिलांच्या मनातून जाईना, आणि वर्षभरातच विमान सुटलं. मग १९४३ ला नेव्ही. आणि एप्रिल १९५१ ला नेव्ही सोडून आर्मीचा तोफखाना. तिथून १९७० ला कर्नल म्हणून निवृत्त.

यातला एअरफोर्सचा भाग मी कमी धरते, खरं सांगायचं तर. वर्षभराची गोष्ट आहे ती आणि निर्णयही धड त्यांचा नव्हता. तिन्ही दलं तिन्ही दलं असा जो गजर बातम्यांमध्ये होता त्यात मला जे खरं मोठं वाटतं ते झाकलं जातं. मोठं हे की एक माणूस समुद्रावर आठ वर्षांच्या आसपास काढतो, युद्ध बघतो, त्या कामात मुरतो, आणि तिशीला आल्यावर सगळं उतरवून जमिनीवर येतो आणि पुन्हा शिकायला बसतो.

बातमी वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माहेरी गेले. दादा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता, आई भाकरी थापत होती. मी विचारलं, काय रे एवढं त्यात, तर तो म्हणाला, इकडे बघ. आणि त्याने सॅल्यूट केला. हात वर, बोटं भुवईशी, तळहात खाली जमिनीकडे. म्हणाला हा आमचा. मग हात खाली घेतला आणि पुन्हा वर नेला, या वेळी तळहात उघडा, समोर, माझ्या तोंडासमोर. हा आर्मीचा. आमच्या नेव्हीत सांगतात की पूर्वी शिडाच्या जहाजांवर दोरखंड ओढून ओढून डांबराने हात काळे झालेले असायचे, ते साहेबाला दिसू नयेत म्हणून तळहात खाली. खरंखोटं देव जाणे, पण ट्रेनिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात ही गोष्ट कानावर पडते. आता बघ, तो म्हणाला, एअरफोर्सचा सॅल्यूट त्या काळात आर्मीसारखाच होता, उघडा, त्यांनी तो २००६ ला बदलला. म्हणजे गिल साहेबांचा हात आधी उघडा होता. मग नेव्हीत गेल्यावर वळवला. मग आठ वर्षांनी पुन्हा उघडला. तुला माहितीये का हे किती अवघड आहे? मला आत्ता घरी बसून पाच महिने झाले तरी पोस्टमन आला की हात आपोआप वर जायला बघतो आणि तळहात खालीच असतो.

आई भाकरी उलटत म्हणाली, अरे मग राहू दे की खाली, कोण ओरडतंय.

नेव्हीत गिल साहेब सुरुंग काढणाऱ्या जहाजावर होते, मालवाहू जहाजांच्या सोबतीला राखणीला जाण्याचं कामही केलं, आणि 'तीर' या जहाजावरही होते. 'तीर' म्हणजे मूळची ब्रिटिश 'बॅन' नावाची फ्रिगेट, १९४५ च्या शेवटी आपल्याकडे आली आणि तिचं नाव बदललं, पुढे कित्येक वर्षं कॅडेट्सना समुद्र शिकवायला हीच. सुरुंग काढणं हे काम मला दादाने समजावून सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. समुद्रातला सुरुंग तळाशी वजन टाकून साखळीने बांधलेला असतो आणि पाण्याखाली थोडा खोल तरंगत राहतो, वरून दिसत नाही. काढणारं जहाज पाठीमागे लांबच लांब तार सोडतं, ती तार पाण्यात बाजूला पसरत जाते, तारेला कात्र्या लावलेल्या असतात, त्या सुरुंगाच्या साखळीला घासल्या की साखळी तुटते आणि सुरुंग टुपकन वर येतो. मग लांबूनच रायफलीने गोळ्या घालून तो उडवायचा किंवा बुडवायचा. म्हणजे अख्खं जहाज दिवसभर शेत नांगरल्यासारखं एका पट्ट्यातून जायचं, वळायचं, शेजारच्या पट्ट्यातून परत यायचं. गाजावाजा नाही, पदकं कमी, आणि चुकलात तर तुमच्याच तळाखाली. हे करणारा माणूस विशी-पंचविशीतला होता.

आणि मग देवळाली येतं.

बातमीत ते एक ओळ होतं, बहुतेकांनी वाचून पुढे सोडून दिलं असेल. नेव्हीत असताना गिल साहेबांनी लाँग गनरी स्टाफ कोर्स केला, आणि तो केला आमच्या देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत. मी ती ओळ वाचली आणि पहिल्यांदा मला काचा आठवल्या. नेव्हीच्या पांढऱ्या कपड्यातला माणूस आमच्या त्या कोरड्या, मुरमाड, बाभळीच्या माळावर तोफ शिकायला. दादा त्याच्या उलट गेला होता, तोही तोफांच्याच बाजूला, पण तो शिकला कोचीला आयएनएस द्रोणाचार्यवर, नेव्हीची तोफांची शाळा तिथे आहे. म्हणजे देवळालीचं पोरगं तोफ शिकायला समुद्रकाठी गेलं आणि सत्तर वर्षांपूर्वी समुद्रावरचा एक अधिकारी तोफ शिकायला देवळालीत आला होता. दादाला त्या दोन शब्दांत हेच सांगायचं होतं.

तसं देवळालीचं आणि समुद्राचं नातं जुनं आहे, आपल्याला वाटत नाही कारण समुद्र इथून घाट उतरून शंभर-दीडशे किलोमीटरवर आहे. पण १८६१ पासून इथे ब्रिटिशांचा ट्रान्झिट कॅम्प होता. मायदेशी परत जाणारे गोरे सोल्जर इथे येऊन मुंबईहून सुटणाऱ्या बोटीची वाट बघत पडून राहायचे. बोटी फक्त थंडीच्या मोसमात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे ज्याची मुदत चुकीच्या वेळी संपली तो महिनोन्‌महिने या उन्हात, काम नाही, धंदा नाही, नुसती वाट. कित्येकांची डोकी फिरली. इंग्रजीत वेडसर माणसाला 'डूलॅली' म्हणतात तो शब्द आमच्या गावाच्या नावावरून गेलेला आहे. लोक हे हसत सांगतात. मला नाही हसू येत. सोल्जरकी संपलीये आणि पुढचं आयुष्य अजून सुरू झालेलं नाही अशा मधल्या जागेत अडकलेल्या माणसाचं डोकं फिरणं यात हसण्यासारखं काय आहे. २०२१ च्या पावसाळ्यात मी दादाला तसाच बघितला होता, अंगणात खुर्ची टाकून, हातात रीझनिंगचं पुस्तक, तासभर एकच पान.

तोफ जहाजावरची आणि जमिनीवरची यात फरक काय, हे मी त्याला विचारलं. वाटलं होतं तो काहीतरी मापं सांगेल, पण तो उठला, माझ्या लेकीला बोलावलं, ती तेव्हा सात वर्षांची होती. पुढच्या खोलीत बाबांनी लावलेला झोपाळा आहे. त्याने बादली आणली, समोर ठेवली, तिच्या हातात रबरी चेंडू दिला. आधी उभी राहून टाक. दुसऱ्या खेपेला पडला. आता झोपाळ्यावर बसून टाक, आणि मामाने झोका दिला. पाच-सहा वेळा चुकला. झोका पुढे जाताना सोडला तर बादलीच्या पलीकडे, मागे येताना सोडला तर अलीकडे. मग तो म्हणाला, बघ, प्रत्येक झोक्यात एक क्षण असा येतो की तू थांबल्यासारखी होतेस, तेव्हा सोड. पडला! ती ओरडली. मग त्याने बादली उचलून हातात धरली आणि चालायला लागला. आता टाक. हे आमचं काम, तो मला म्हणाला, आपण हलतोय, समोरचाही हलतोय, आणि मध्ये वारा. आता यंत्रं हे सगळं मोजतात, पण त्या काळात निम्मं तुमच्या अंगात मुरलेलं असावं लागे.

मग त्याने दारावर चादर टाकली, बादली चादरीच्या पलीकडे ठेवली आणि मला पलीकडे उभं केलं. लेकीला म्हणाला, आता तू जमिनीवर आहेस, हलत नाहीस, पण तुला बादली दिसतच नाही. मम्मी सांगेल तसं टाक. मी सांगायला लागले, लांब गेला, आता जवळ पडला, थोडं डावीकडे. लांब, जवळ, मग त्याच्या मध्ये, मग त्याच्याही मध्ये. हा तोफखाना, तो म्हणाला. तोफ टेकडीच्या मागे असते, तोफेवरच्या माणसाला शत्रू कधी दिसतच नाही, पुढे ओपीवर, म्हणजे टेहळणीच्या जागी, बसलेला अधिकारी दुर्बिणीतून बघून सांगतो आणि मागचे त्याच्यावर विश्वास ठेवून उडवतात. जमिनीवर सगळा खेळ नकाशा, मोजणी आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवरच्या विश्वासाचा. जहाजावर सगळा खेळ हलणाऱ्या जमिनीचा. ज्याला दोन्ही येतं त्याला काय म्हणायचं सांग.

मला तेव्हा जे कळलं ते मी नीट मांडायचा प्रयत्न करते. आपण म्हणतो माणसाने फील्ड बदललं, आधीची वर्षं वाया गेली. पण झोपाळ्यावर बसून बादलीत चेंडू टाकायला शिकलेली मुलगी जेव्हा जमिनीवर उभी राहते तेव्हा ती आधीसारखी उभी राहत नाही. तिला माहीत असतं की जमीन स्थिर असणं ही एक सोय आहे, ती नेहमी मिळेलच असं नाही.

एप्रिल १९५१ मध्ये गिल साहेब आर्मीत आले ते ग्वाल्हेर माउंटन बॅटरीत, म्हणजे डोंगरी तोफांच्या तुकडीत. ग्वाल्हेर म्हटल्यावर मराठी माणसाने एक क्षण थांबावं, शिंद्यांचं ग्वाल्हेर, संस्थानी फौजेतली बॅटरी, स्वातंत्र्यानंतर संस्थानांच्या फौजा भारतीय लष्करात मिळाल्या त्यातून आलेली. महादजींच्या तोफखान्याचा दरारा ज्या गादीचा होता तिथली तोफ, आणि तिच्यावर आला समुद्रावरून आलेला एक पंजाबी तरुण. आणि माउंटन बॅटरी म्हणजे काय, तर खेचरं! त्या काळातली ३.७ इंची डोंगरी तोफ सुटी करून आठ खेचरांवर लादायचे, एकावर नळीचा एक भाग, एकावर चाकं, एकावर नळी जिच्यात बसते ती पाळण्यासारखी बैठक असं करत, आणि डोंगराच्या पायवाटेने चालत वर न्यायची आणि वर पोचल्यावर काही मिनिटांत पुन्हा जोडायची. जहाजावर तोफ डेकलाच कायमची बोल्ट केलेली, तिला चारा घालावा लागत नाही, तिच्या पाठीला जखम होत नाही, ती रात्री बिथरत नाही. तिशीतला माणूस, आठ वर्षं इंजिनाच्या थरथरीत झोपलेला, आणि आता पहाटे उठून खेचरांचे खूर तपासायचे. मला हा सगळ्यात जिवंत भाग वाटतो त्यांच्या आयुष्यातला.

आणि हुद्द्याचा घोळ वेगळाच. हे नागरी लोकांना माहीत नसतं. नेव्हीतला लेफ्टनंट हा आर्मीतल्या कॅप्टनच्या बरोबरीचा असतो, आणि नेव्हीतला कॅप्टन म्हणजे थेट आर्मीतला कर्नल. शब्द तेच, पायऱ्या वेगळ्या. दादा सांगत होता की अधिकाऱ्यांना निदान दोन्हीकडची पायरी समजते, पण बाकीचं जे असतं, मेसमध्ये कुठल्या टेबलाला कोण बसतं, कुठल्या शब्दाला हसायचं, कुणाला आडनावाने हाक मारायची, ते कुठल्याच कोष्टकात नसतं. जहाजावर भिंतीला बल्कहेड म्हणतात आणि जमिनीला डेक, तो घरी आल्यावर सहा महिने आमच्या फरशीला डेक म्हणत होता. रेजिमेंटमध्ये हे चालत नाही. रेजिमेंट म्हणजे घराणं असतं, तिथली माणसं एकमेकांना पहिल्या दिवसापासून ओळखतात आणि तुम्ही तिशीत बाहेरून येता, सूनबाईसारखे. वयाने मोठे, घरात नवीन.

आपल्याकडे पूर्वी असं वेगळं होतं का? मला कान्होजी आंग्रे आठवतात. आपण त्यांना सरखेल म्हणून, कुलाब्याचे, समुद्राचे राजे म्हणूनच ओळखतो, इंग्रज-पोर्तुगीज-सिद्दी सगळ्यांना पुरून उरलेले. पण १७१३ मध्ये हाच माणूस घाट चढून वर आला होता. शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवलं, आणि कान्होजींनी त्यांना हरवून कैद केलं आणि लोहगडावर नेऊन ठेवलं. समुद्रावरच्या माणसाने सह्याद्रीत येऊन पेशवा पकडला, विचार करा. त्यातूनच पुढे बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले, वाटाघाटीला आले, आणि कान्होजी शाहूंच्या बाजूला आले. म्हणजे मराठ्यांच्या इतिहासातलं एक मोठं वळण यामुळे घडलं की एका आरमारी सरदाराला डोंगरातलं युद्ध येत होतं. त्या काळात ही भिंतच नव्हती मुळी. किल्ला पाण्यात, गलबत किल्ल्याखाली, तोफ तटावरची असो की गलबतावरची, माणसं तीच, भंडारी, कोळी, मराठा. इंग्लंडमध्येही तेच, रॉबर्ट ब्लेक नावाचा त्यांचा मोठा नौसेनापती, तो मुळात जमिनीवरच्या लढाया लढलेला कर्नल, १६४९ ला पन्नाशीत त्याला आरमारावर पाठवलं आणि हुद्द्याचं नावच होतं समुद्रावरचा जनरल. पुढे डच युद्धात त्याने जे केलं त्यावर त्यांचं आरमार उभं राहिलं. भिंती नंतर आल्या, जेव्हा दोन्हीकडचं काम इतकं किचकट झालं की एकाच आयुष्यात एकच शिकून होईना. गिल साहेब भिंत पक्की उभी राहिल्यानंतर ती ओलांडून गेले, म्हणून त्यांचं मोल.

पुढे ते ३४ मीडियम रेजिमेंटमध्ये, म्हणजे मध्यम तोफांच्या पलटणीत, होते आणि मग त्यांनी स्वतः ७१ मीडियम रेजिमेंट उभी केली. रेजिमेंट उभी करणं म्हणजे शून्यातून, माणसं इकडून तिकडून येतात, तोफा येतात, कुणी कुणाला ओळखत नाही, आणि त्यातून घराणं तयार करायचं. जो माणूस तिशीत कुणाच्यातरी घराण्यात बाहेरून आला होता त्याने स्वतःचं घराणं उभं केलं. १९६५ च्या युद्धात हीच रेजिमेंट घेऊन ते सियालकोट सेक्टरमध्ये होते. फिल्लोरा, चविंडा, रणगाड्यांच्या त्या भयंकर लढाया तिथल्याच. आपल्या पुणे हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, परमवीर चक्र, १६ सप्टेंबर १९६५ ला त्याच आघाडीवर गेले. तारापोरही आधी हैदराबाद संस्थानच्या पायदळात होते आणि तिथून घोडदळात गेले, हे वाचलं की मला वाटतं या माणसांमध्ये एक काहीतरी समान असणार, एका जागी बसवलं म्हणून तिथेच बसायचं नाही अशी काहीतरी ओढ. मीडियम तोफांचं काम अशा लढाईत कुणाच्या लक्षात येत नाही, रणगाडे फोटोत दिसतात, पण मैलोन्‌मैल मागून, न बघता, कुणाच्यातरी सांगण्यावर विश्वास ठेवून गोळे टाकणारे हेच.

युद्धानंतर मणिपूरमध्ये उखरुलला आसाम रायफल्सचा सेक्टर त्यांच्याकडे होता. तांगखुल नागांचे डोंगर ते. आसाम रायफल्स म्हणजे अधिकारी आर्मीचे पण दल गृहखात्याचं, म्हणजे मोजायचं म्हटलं तर चौथं घर झालं. आणि तिथून १९७० ला निवृत्ती, वय ४९. त्यानंतर ते अजून ५१ वर्षं जगले. गणवेशात घालवलेल्या वर्षांच्या दुपटीजवळ. हा आकडा मी काढला तेव्हा दादाला फोन करून सांगितला. तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, माझी तर त्याहून लवकर सुरू झालीयेत मोजायची.

दादाला २०२२ ला बँकेत नोकरी लागली, क्लार्क, माजी सैनिकांच्या राखीव जागेतून. बँकेचं नाव सांगत नाही. वय ३४. शेजारच्या काउंटरला २३ वर्षांची मुलगी, तीच त्याला शिकवायची सिस्टीम कशी चालवायची. ती चांगली होती, पण वरच्या एका साहेबाने पहिल्याच महिन्यात सगळ्यांसमोर ऐकवलं की फौजवाले कोट्यातून येतात आणि शिकवायला आमचा वेळ जातो. दादा घरी येऊन काही बोलला नाही, वहिनीने मला सांगितलं. ज्या माणसाने रात्रीच्या अंधारात, चार मीटरच्या लाटांत, तोफेच्या बाजूला उभं राहून वॉच काढलाय त्याला कोणीतरी पासबुक छापायच्या मशीनवरून बोलतोय. मला इतका राग आला होता की मी जाऊन त्या साहेबाला भेटणारच होते. दादा म्हणाला, नको. म्हणाला, खेचराचे खूर तपासायचे दिवस आहेत हे, काढेन.

आता तर अग्निवीर आलेत, २०२२ पासून. चार वर्षं, त्यातले जास्तीत जास्त चौथा हिस्सा पुढे ठेवणार, बाकीचे घरी. आमच्या गल्लीतला एक मुलगा गेलाय. बाविशी-तेविशीत तो परत आला तर त्याच्यासमोरही हीच भिंत असेल आणि त्याच्याकडे दादासारखं पेन्शनही नसेल. चार वर्षांत हात एका दिशेला वळायला शिकतो ना शिकतो तोच. त्याच्या आईला मी काय सांगू कळत नाही, मी गिल साहेबांचं सांगितलं, तिने ऐकून घेतलं, म्हणाली, ते ऑफिसर होते गं. बरोबर आहे तिचं. ऑफिसर होते, आणि काळ वेगळा होता, नवं सैन्य उभं राहत होतं, माणसं हवी होती, दारं उघडी होती. पण दार उघडं असलं तरी पाय आपलाच उचलावा लागतो, आणि तिशीत तो जड झालेला असतो, एवढं मला तिला सांगायचं होतं, जमलं नाही.

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी दादाच्या शाखेत गेले होते, आईचं काम होतं. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना, देवळाली-भगूर पट्ट्यात निवृत्त फौजी चिक्कार, बाकांवर सगळे म्हातारे आपापल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेले. कुणाच्या बोटांचे ठसे मशीन घेत नव्हतं. दादा काउंटर सोडून बाहेर आला होता आणि एकेकाचं बोट ओल्या फडक्याने पुसून, थोडं चोळून, मशीनवर ठेवून देत होता. एक फार म्हातारे होते, पांढऱ्या मिशा, तोफखान्याची जुनी टाय, ऐकू कमी येत होतं. त्यांचं बोट चार वेळा चुकलं. दादा म्हणाला, बाबा, थोडं अलीकडे. आता थोडं डावीकडे. बस, बस, आता दाबा. मशीन वाजलं.

म्हातारे उठले, काठी डाव्या हातात घेतली आणि दादाला सॅल्यूट केला, तळहात उघडा, समोर, थरथरत. दादाने खुर्ची मागे सारली, पाय जुळवले, आणि हात वर नेला, तळहात खाली.

म्हाताऱ्यांनी त्या हाताकडे बघितलं. मग मोठ्याने विचारलं, "जहाज कुठलं?"